खाबुऱ्याच्या गेटावरचे शंभर टक्के

मी एक जुना पत्रा आहे, मित्रांनो. पण लगेच भंगारवाल्याला हाक मारू नका. एके काळी अख्खं गाव मान वर करून माझ्याकडे बघायचं, आणि मीही काही कमी नव्हतो, छाती काढून उभा राहायचो.

ओमानमध्ये खाबुरा म्हणून गाव आहे. एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला खजुराच्या बागा, मधून मस्कतहून सोहारला जाणारा हायवे. तिथल्या भारतीय शाळेच्या गेटावर मी टांगलेला होतो. माझ्यावर लिहिलेलं होतं ‘बारावीचा निकाल’, त्याच्याखाली साल, आणि त्याच्याखाली छोट्या हुकांवर लटकवलेले पत्र्याचे आकडे. एक, शून्य, शून्य. टक्क्याची खूण मात्र कायमची रंगवलेली. साल दरवर्षी बदलायचं. शंभर तसेच.

माझा जन्म मस्कतजवळच्या गालामधला. गॅरेजं, वेल्डिंगची दुकानं, दिवसभर ठाणठाण. माझ्या शेजारी एका न्हाव्याची पाटी सुकत होती आणि पलीकडे एका लाँड्रीची. मला घडवणारा पेंटर चिपळूणकडचा होता. त्याने मला पिकअपमध्ये चढवताना पाठीवर थाप मारली आणि म्हणाला, “नशीब काढलंस लेका, शाळेत चाललास. हे दोघं आयुष्यभर केस आणि कपडे बघणार.”

नशीब काढलं खरं. पण मी मूळचा वात्रट. उन्हाळ्यात असा तापायचो की माझ्या खांबाला टेकून मोबाइल चाळणारा चटका बसून नाचायचा. थंडीत पहाटेचं दव साठवून ठेवायचो आणि नेमकं प्रार्थनेला उशिरा येणाऱ्याच्या मानेत सोडायचो. वारा सुटला की आकडे गर्रकन उलटे फिरवून दाखवायचो. पोरं हसायची, वॉचमन शिव्या द्यायचा. मजा होती.

आता शाळेची भानगड सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. आमची शाळा सरकारी नव्हती आणि कुणा शेठचीही नव्हती. मस्कतला भारतीयांचं एक शिक्षण मंडळ होतं. ते गावातल्या पालकांच्या कमिटीला शाळा चालवायला द्यायचं. करार सरळ होता. शाळा तुम्ही चालवा, पोरांना काय येतं ते आम्ही बघू. काही वर्षांनी मस्कतहून माणसं येणार, निकाल बघणार. निकाल चांगला, तर करार पुढे. निकाल घसरला, तर शाळेला कुलूप आणि सगळी पोरं पहाटे उठून तासाभराच्या बसने सोहारला.

म्हणून माझे शंभर टक्के म्हणजे शाळेचा जीव होता. आणि तो जीव सांभाळायचं काम प्रिन्सिपल शिरीष सरांचं. माणूस वाईट नव्हता. पोराला ताप आला तर स्वतःच्या गाडीत घालून दवाखान्यात नेणारा. पण मार्च आला की सरांची झोप उडायची. गेटाशी येऊन माझ्याकडे असे बघायचे, जसं काही मी पडणार आहे.

मग त्यांनी एक पद्धत पाडली. तिला सगळे म्हणायचे ‘हवापालट’.

गल्फमध्ये कुणाचंही पोर ‘गावी पाठवलं’ म्हटलं की कुणी जास्त विचारत नाही. आजी आजारी असेल, कॉलेजची तयारी असेल. सरांनी हीच सवय वापरली. अकरावीचा रिझल्ट लागला की ज्याची बारावीत दांडी उडेल असं वाटायचं, त्याच्या बापाला बोलवायचं. गोड बोलायचं. शाळा सोडल्याचा दाखला तयारच असायचा. आणि कुणाला वाईट वाटू नये म्हणून निरोपाचा केक! तोही माझ्याखाली. पोराच्या हातात सुरी, खांद्यावर सरांचा हात, डोक्यावर मी. फोटो. टाळ्या. पुढच्या आठवड्यात पोर विमानात. आणि वर्षभराने माझ्यावर परत एक, शून्य, शून्य.

त्या फोटोंमधलं एकही पोर त्या शंभरात नव्हतं, मित्रांनो. पण केक खाताना असा हिशोब कोण करतो?

दोन हजार पंधराच्या मार्चमध्ये सरांनी मुनीरभाईंना बोलावलं. मुनीरभाई रत्नागिरीकडचे, खाबुऱ्याच्या बाजारात किराण्याचं दुकान. त्यांची मुलगी निदा अकरावी कॉमर्सला होती. बाकी विषय ठीक, पण अकाउंट्सचा पेपर आला की तिचं पेन अडायचं. काठावर पास झाली होती. ऑफिसात क्लार्कचे कान असतात म्हणून सर अशी बोलणी गेटावर, माझ्या सावलीत करायचे. मुनीरभाई पिकअपमधून उतरले. बाजूच्या सीटवर त्यांची बायको हाफिजा. ती काच खाली करून बसली.

“मुनीरभाई, निदा गुणी आहे,” सर म्हणाले. “पण अकाउंट्स तिला झेपणार नाही. एक वर्ष गावी पाठवा. तिकडे सोपं जाईल. जरा हवापालट.”

“हवा हितं काय वाईट हाय, सर?” मुनीरभाई कसनुसं हसले.

“पुढच्या सोमवारी मस्कतची टीम येतेय. आपला करार संपतोय. समजून घ्या ना.”

मुनीरभाईंनी मान खाली घातली. समजून घेणारा माणूस. पण गाडीतून आवाज आला, “गावाला कोन हाय तिचा, सर? सासू गेली. घराला टाळा हाय. म्हंजे तिच्यासंगती मी जायचं. आनि ह्यांनी हितं मानसं भरलेल्या रूमवर पथारी टाकायची. एका पेपरापायी माझं घर तोडताव?”

“घर कुठे तोडतोय वहिनी? एका वर्षाचा तर प्रश्न आहे.”

“गल्फमधला एक वर्ष कवा एकच असतो?”

मुनीरभाई हळूच म्हणाले, “चूप ऱ्हव गो. शाळा गेली तर सगल्यांची पोरं सोहारला जातील. आपल्या एका पोरीसाठी सगल्यांना तरास?”

सरांनी सुस्कारा सोडला. “रविवारी केक कापू. टीम यायच्या आत आटपलेलं बरं. शाळेतर्फे मागवतो.”

“केक मी आननार,” हाफिजा म्हणाली आणि काच वर केली.

तिचा तो आवाज ऐकला आणि माझे हूक कुरकुरले. वात्रटाला वात्रटाचा वास लगेच येतो.

ओमानात रविवारी शाळा भरते, पण त्या रविवारी केक आलाच नाही. दुपारी सर गेटावर फोन कानाला लावून उभे. “काय? बेकरीची लाइट गेली? अहो मग राहू द्या! उद्या नको. वहिनी, ऐकताय ना, उद्या नको! हॅलो? हॅलो?”

सोमवार उजाडला. शाळा अशी चकाचक की मलाच ओळखू येईना. बागेतून उसन्या कुंड्या आणलेल्या. पहिली-दुसरीची पोरं हातात गुलाब घेऊन रांगेत. कमिटीवाले टाय लावून घाम पुसत होते. सरांनी सकाळपासून माझे आकडे दोनदा पुसले होते.

पांढरी गाडी आली. टीमच्या प्रमुख कुलसुम मॅडम उतरल्या. डोक्यावरून पदर, डोळ्यांवर जाड चष्मा, इंग्लिश एकदम कडक. माझ्याखाली थांबल्या.

“हंड्रेड. एव्हरी इयर?”

“एव्हरी इयर, मॅडम,” सर म्हणाले.

तेवढ्यात मुनीरभाईंची पिकअप येऊन बरोबर मधे थांबली. हाफिजा उतरली, दोन्ही हातांवर एवढा मोठा खोका. तिच्यामागून निदा, युनिफॉर्ममध्ये, नजर बुटांवर. मुनीरभाई स्टीअरिंग धरून आतच बसले. त्यांना बहुतेक जमिनीत शिरायचं होतं.

“अरे वा, पाहुने हायत!” हाफिजा म्हणाली. “मग तर बराच झाला. मोठ्या मानसाच्या हातून कापू.” आणि तिने वॉचमनच्या टेबलावर खोका ठेवून झाकण उघडलं. वर क्रीमने लिहिलेलं होतं, ‘बाय बाय निदा’.

कुलसुम मॅडमनी केक बघितला, मग हाफिजाकडे बघितलं, आणि एकदम इंग्लिश सोडून दिलं. त्या श्रीवर्धनच्या निघाल्या! “कुठची गं तू?”

“रत्नागिरी, पावसकडची.”

“आणि पोरगी कुठे चालली?”

“गावाला. हवापालटाला.”

“अभ्यासाच्या वर्षात? कितवीला आहे?”

“आता बारावीला जाईल, मॅडम,” निदा बारीक आवाजात म्हणाली. “म्हणजे... जाणार होते.”

सर पुढे सरसावले. “मॅडम, फॅमिली मॅटर आहे. आपण आत जाऊ. चहा तयार आहे.”

सगळं निभावलंही असतं. पण मित्रांनो, लहान पोरांसमोर केक उघडला की त्यांच्या तोंडाला कुलूप कोण लावणार? रांगेतला एक गुलाबवाला टुणकन पुढे आला. “सर, आज पण केक? लास्ट वीक तर साईभैयाचा होता!”

“बटरस्कॉच!” दुसरा ओरडला.

“लास्ट इयर थ्री होते, मॅम! पाइनॅपल, चॉकलेट आणि एक एगलेस. एगलेस यकी होता.”

कुलसुम मॅडम खाली वाकल्या. “हे सगळे अकरावीचे होते?”

“यस मॅम. ते ना, सगळे गावी जातात,” तो छोटा समजावून सांगायला लागला. “फॉर हवा.”

वारा होता, पण मी एक आकडा हलू दिला नाही. वात्रटपणाला पण वेळ असते. कमिटीतल्या एकाने गळ्यातला टाय सैल केला. सरांचा चेहरा माझ्या शून्यासारखा झाला होता.

मॅडम सरळ झाल्या आणि मला परत वाचलं. सावकाश.

“सर, आम्ही विचारलं होतं पोरांना काय येतं. तुम्ही आम्हाला दाखवलंत मागे कोण उरलं.”

सरांनी माझ्याकडे बोट दाखवलं. मग बोलले ते खरं बोलले. “मॅडम, मस्कतहून येऊन तुम्ही गेटावर काय वाचता? आकडा. निकाल घसरला तर शाळा बंद. मग ह्या छोट्यांना पहाटे उठवून सोहारला पाठवू? मी चार पोरांना गावी पाठवून चारशे वाचवत होतो.”

“आनि त्या चारांत माझी आली की?” हाफिजा म्हणाली. “मला शाळा बंद नाय करायची, मॅडम. माझी पोर पन ह्याच शाळेची हाय, येवढाच सांगायचा व्हता.”

मॅडमनी चष्मा काढून पुसला. “चूक आमचीही आहे. आकडा वाचला, चहा प्यायलो, परत गेलो. कोण दिसत नाही ते कधी विचारलं नाही.” मग त्या कमिटीकडे वळल्या. “करार देते. पण एकाच वर्षाचा. पुढच्या वर्षी मी बघणार, अकरावीत आले किती, बारावीला बसले किती आणि पास किती. तिन्ही. मधे कुणी शाळा सोडली, तर का सोडली ते त्या पोराने मला स्वतः फोनवर सांगायचं. बापाने नाही, प्रिन्सिपलने तर नाहीच. आणि त्या बटरस्कॉचवाल्याला परत बोलवा.”

“आणि त्यातलं कुणी नापास झालं तर?” कमिटीवाल्याने विचारलं.

“तर मी बघेन तुम्ही त्याच्यासाठी काय केलंत,” मॅडम म्हणाल्या. “काहीच केलं नसेल, तर कुलूप मी स्वतः लावेन.”

हाफिजाने सुरी घेतली, केकवरचं ‘बाय बाय’ खरवडून काढलं आणि ते क्रीम चाटून टाकलं. “आता खावा पोरांनो.”

तुम्हाला वाटलं असेल, झालं, गोष्ट संपली. छे! खरी धाकधूक तर तिथून सुरू झाली.

साई देवगडहून परत आला, फणसाच्या गऱ्यांची पिशवी घेऊन. पण गावात कुजबुज सुटली. गेटावर मुलांना सोडायला येणारे पालक माझ्याखाली उभे राहून बोलायचे. “एका पोरीपायी शाळा टांगणीला लागली.” “ती लटकली की आपली मुलं सोहारच्या बसमध्ये, बघा.” निदा जवळून गेली की गप्प व्हायचे. त्या गप्प होण्याचा आवाज तिला बरोबर ऐकू यायचा. मुनीरभाईंच्या दुकानाऐवजी काही जण पलीकडच्या दुकानात जायला लागले.

एकदा शाळा सुटल्यावर ती माझ्या खांबाजवळ वडिलांच्या गाडीची वाट बघत होती. श्यामला मॅडम बाहेर आल्या. त्या अकाउंट्स शिकवायच्या, बोलायला फटकळ.

“मॅडम, मी गावीच गेले तर?” निदा म्हणाली. “माझ्यामुळे स्कूल क्लोज झाली तर सगळे मला...”

“तुझ्यामुळे?” श्यामला मॅडम कडाडल्या. “अकाउंट्स शिकवतं कोण? मी. तुला येत नसेल तर त्याचा जाब मला विचारायचा. शाळा बंद पडली तर माझ्यामुळे पडेल. तू फुकटचं क्रेडिट घेऊ नकोस.”

निदाला हसू आलं. मलाही आलं, पण पत्र्याने हसायचं म्हणजे करकर वाजायचं.

त्या दिवसापासून श्यामला मॅडम शाळा सुटली की मुनीरभाईंच्या दुकानात जायच्या. निदाला आणि साईला पुस्तक मिटायला लावायच्या. कोल्ड्रिंकचे क्रेट आले की, “आलेला माल कुठे लिहिशील?” गिऱ्हाईक उधारीवर तांदूळ घेऊन गेलं की, “हा आता वहीत तुझा कोण झाला, देणेकरी की घेणेकरी?” गिऱ्हाईक घाबरून म्हणायचं, “मॅडम, मी भाऊच आहे तिचा.” हे सगळं मला पोरांनी गेटावर नक्कल करून दाखवलं म्हणून माहीत. आणि शिरीष सर? त्यांनी हवापालट हा शब्दच टाकून दिला. शाळेनंतर सर्व कच्च्या मुलांचे वर्ग सुरू केले आणि स्वतः इंग्लिश घ्यायला लागले. पण गेटावरून जाताना माझ्याकडे बघणं त्यांनी बंद केलं होतं. भीती वाटत असावी.

परीक्षा झाली. मे महिन्यात निकाल लागला. ऊन असं की माझा रंग पापुद्रे धरून सुटत होता. गेटावर पालकांची गर्दी, सगळ्यांच्या हातात मोबाइल. साई पास! त्याला खांद्यावर उचललं. एकामागून एक पास, पास. आणि मग ऑफिसच्या दारातून श्यामला मॅडम बाहेर आल्या. त्यांचं तोंड पडलेलं होतं.

निदा अकाउंट्समध्ये थोडक्यात राहिली होती. बाकी सगळ्यांत पास. त्या एका पेपराला जुलैमध्ये परत बसायचं.

“झालं,” मागून कुणीतरी म्हणालं. “भरा आता बसच्या सीटा.”

निदा माझ्या खांबाला धरून उभी होती. खांब तापलेला होता, पण तिने हात काढला नाही. मित्रांनो, मला आयुष्यात पहिल्यांदा वाटलं, आपण गार असतो तर बरं झालं असतं.

सरांनी मस्कतला फोन लावला. स्पीकरवर. सगळ्यांसमोर.

“अकरावीत आले किती?” कुलसुम मॅडमचा आवाज.

“पंचवीस.”

“बारावीला बसले किती?”

“पंचवीस, मॅडम.”

“पास?”

सरांनी एकदा निदाकडे बघितलं. “चोवीस. एकीचा एक पेपर राहिलाय. तिला आम्ही सोडलेलं नाही. जुलैत बसवतोय.”

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला. हाफिजाने मुनीरभाईंचा दंड असा आवळला की ते कळवळले.

“पंचवीसला पंचवीस बसले,” मॅडम म्हणाल्या. “खाबुऱ्यात असं मी पहिल्यांदा ऐकतेय. करार पुढे चालू. बोर्डावर खरा आकडा लावा.”

ओरडा असा झाला की कबुतरं उडाली. पण सर एकेक पायरी मोजत शिडीवर चढले. एक काढला, दोन्ही शून्यं काढली. नऊ आणि सहा लावले. मी हलका झालो, मित्रांनो, एका पत्र्याने.

जुलैच्या पेपराला निदाला सोहारला कोण घेऊन गेलं असेल? शिरीष सर. स्वतःच्या गाडीतून. पेपर होईपर्यंत बाहेर उन्हात उभे होते म्हणे. आणि ऑगस्टमध्ये ती पास झाली, चांगली खणखणीत.

मग काय, सर उड्या मारत शिडी घेऊन आले. “आता शंभर! पंचवीसला पंचवीस! द्या ते शून्य इकडे.”

निदा पेढे घेऊन आली होती. तिने शिडी धरली. “सर, नाइन्टी-सिक्सच राहू द्या ना.”

“का गं? तूच तर पास झालीस.”

“हो, पण हंड्रेडमध्ये मी कधीच नव्हते,” ती म्हणाली. “ह्या नाइन्टी-सिक्समध्ये मी आहे.”

सर शिडीवरून खाली उतरले आणि माझ्यावरचे नऊ आणि सहा तसेच राहिले.

आता मी गेटावर नाही. तिथे लाल दिव्यांची पाटी आली, अक्षरं सरकतात, डोळे दुखतात. मला कॅन्टीनमागे पाण्याच्या कूलरवर सावलीला टाकलंय. समुद्राच्या खाऱ्या हवेने हूक गंजलेत. मांजरं अंगावर झोपतात. कधी त्यांच्या पायाखाली मुद्दाम करकरतो, तेवढीच करमणूक. रंगाचा एक हात दिलात तर बरं वाटेल, नाही दिलात तरी चालेल.

पण एक काम मात्र करा, मित्रांनो. तुमच्या शाळेच्या गेटावर आकडा असेल, मोठा असेल, चमकत असेल. तो वाचा, खुश व्हा. आणि मग वर्गात जाऊन बाक बघा. गेल्या वर्षी तुमच्या शेजारी बसणारा आज दिसत नसेल, तर केक खाऊन गप्प बसू नका. उभे राहा आणि मोठ्यांदा विचारा, “सर, तो कुठे गेला?”

उत्तर मिळेपर्यंत बसू नका.